कोरडा टॉवेल

टॉवेल मी टाकला. कोणी माझा हात धरला नव्हता, कोणी मागून ढकललं नव्हतं. अमरावतीच्या त्या हॉलमध्ये, निळ्या कोपऱ्याच्या पायरीवर उभा राहून, माझ्याच पोरीच्या फायनलमध्ये, शेवटच्या राउंडला, मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोरांवरून रिंगच्या मधोमध भिरकावला. बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातून टॉवेल आत पडला की त्याचा अर्थ एकच होतो. आमचा गडी संपला, थांबवा, आम्ही हरलो. रेफरीने दोन्ही हात डोक्यावर हलवले आणि झालं. मी स्वतः एके काळचा बॉक्सर, आता अकोल्याच्या एका शाळेत पीटीचा मास्तर. टॉवेल कधी टाकायचा हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मी आज सकाळपर्यंत समजत होतो. आता दुपार कलली आहे, एसटीने बडनेरा मागे टाकलं आहे, दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलोऱ्यावर आल्या आहेत, आणि आचल माझ्या शेजारी खिडकीला डोकं टेकून बसली आहे. झोपलेली नाही. झोपली की तिचं तोंड थोडं उघडतं, लहानपणापासूनच. तोंड घट्ट मिटलेलं आहे. जी जिंकेल ती राज्याच्या टीमच्या शिबिराला जाणार होती, आणि तिथे आता धारणीकडची रागिणी नावाची पोरगी जाणार आहे. पण माझ्या डोक्यात शिबिर नाही, खोटं कशाला बोलू. पुन्हा कधी ही पोट्टी मला तिच्या कोपऱ्यात उभं राहू देईल का, एवढंच एक तेव्हापासून कुरतडतंय, आणि विचारायची हिंमत होत नाही.

तिचा पाय मुरगळला, हे बरं झालं. बापाने असं म्हणू नये, पण मी मनात तेच म्हणून राहिलो आहे. टॉवेल पडल्यावर ती आपली आपण उठली, आधी रेफरीकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या टॉवेलकडे, मग माझ्याकडे. ते पाहणं मला काही सांगता यायचं नाही. राग असता तर मी झेलला असता, राग मला कळतो. तिने नुसतं पाहिलं, आणि मग एक पाऊल टाकलं आणि लंगडली. दुसरं टाकलं, पुन्हा लंगडली. हॉलमधून ‘अरे अरे’ असा आवाज आला आणि माझ्या छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. म्हणजे मी बरोबर होतो! लागलंच होतं तिला! धर्मपाल धावत आला. तो आमच्या क्लबचा कोच, माझ्यासोबतच एका मास्तराच्या हाताखाली वाढलेला. तो म्हणाला, ‘‘बरं केलं गजाभाऊ. त्या पायावर खेळली असती तं वर्षभर घरी बसली असती.’’ मी मान हलवली, जसं काही मी पायच पाहिला होता. पहिले दोन्ही राउंड आचलच्या नावावर होते, हेही त्यानेच नंतर सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही, ग्लोव्हजच्या नाड्या गुंडाळत राहिला. मग आचलच्या आईचा, जमुनाचा फोन आला. संत्र्याचा तोडा चालू आहे म्हणून ती भावाकडे शेंदूरजनाघाटला गेली आहे. ‘‘काय झालं हो?’’ ‘‘पाय मुरगळला तिचा, थांबवा लागलं.’’ ‘‘लय लागलं का?’’ ‘‘नाही नाही.’’ ‘‘जाऊ द्या मंग. हरली तं हरली, पोरगी धड घरी येऊन राहिली ना.’’ ती रागिणीसुद्धा, एवढी दुरून जीपने-बसने हाडं मोडत आलेली, आपली जीत बाजूला ठेवून कपडे बदलायच्या खोलीत आली आणि आचलला म्हणाली, ‘‘ताई, जास्त लागलं का गं?’’ आचल हसली. ‘‘नाही गं, तू चांगली खेळली.’’ मी बाहेर जाऊन औषधाच्या दुकानातून पट्टी घेऊन आलो. स्टँडवर बाकावर तिला बसवलं, म्हटलं, ‘‘आण इकडे पाय.’’ तिने दिला. लहानपणी काटा काढायला द्यायची तसा निमूट दिला. मी घोट्याभोवती पट्टी गुंडाळायला लागलो आणि माझ्या बोटांना कळलं की सूज नाही. दाबलं तरी तिने पाय मागे घेतला नाही. उभ्या आयुष्यात शेकड्यांनी मुरगळलेले पाय पाहिलेत मी, शाळेत रोज एखादा तरी असतो. पण बोटांना कळलं ते मी डोक्यापर्यंत येऊ दिलं नाही. पट्टी जरा जास्तच घट्ट बांधली आणि गाठ मारून टाकली.

खरं तर कालच्या दुपारीच सगळं बिघडलं. राजकमल चौकाच्या मागे लॉजवर आम्ही उतरलो होतो. आज सकाळी वजन द्यायचं म्हणून आचलने काही खाल्लं नव्हतं, ती पंख्याखाली पडून होती, आणि मी आपला भिंतीवरच्या पाली मोजत बसलेलो. तर तिने तिचा मोबाईल माझ्या हातात दिला. ‘‘घ्या बाबा, शिनेमा पाहा. बॉक्सिंगवालाच हाय. जुना हाय, तुमाले आवडन.’’ काळापांढरा, परदेशी, खाली इंग्रजीतून बारीक अक्षरं. एक उतरत आलेला बॉक्सर, दिवसा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो, बायको कधीच निघून गेलेली, आणि त्याचं एक पोरगं, एवढंसं, बापाच्या सरावाला बादलीवर बसून असणारं. निम्मं मला वाचता आलं नाही आणि वाचायची गरजही पडली नाही. बाप पोरासाठी पुन्हा रिंगमध्ये उतरतो, मार मार मार खातो, जिंकतो, आत येऊन बाकावर बसतो आणि भिंतीला डोकं टेकतो. पोरगं खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागतं. घामाने गाठ बसलेली असते, ते दातांनी ओढतं, आणि उद्या काय करू, कुठे जाऊ, काय खाऊ, सारखी बडबड चालू. आणि बापाचा पाय हलत नाही. पोराला कळायच्या आधी मला कळलं. मी लॉजच्या खाटेवर मोबाईल छातीशी धरून बसलो आणि रडलो, चांगला हमसून रडलो, आणि मनात एकच, अरे कोणीतरी थांबवायला पाहिजे होतं याला, कोपऱ्यात माणसं होती ना, मेली होती का? आचल उठून बसली. ‘‘बाबा, तुमी रडून राहिले का?’’ मी म्हटलं, ‘‘धूळ लय हाय ह्या लॉजात.’’ ती खो-खो हसली. ‘‘शिनेमा हाय तो! पडाचे पैसे भेटतात त्याले.’’ आणि कूस वळवून झोपली, तोंड थोडं उघडं. तिच्या पायांकडे मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. ती झोपेत पाय हलवेपर्यंत पाहत होतो.

माझ्या वेळेस कोणी थांबवलं नव्हतं. अकोल्यात, सर्कससारखा तंबू ठोकून स्पर्धा भरली होती, आणि बाहेरून आलेला एक डावखुरा गडी माझ्या वाट्याला आला. तो मला कुठून मारत होता हेच कळत नव्हतं. डाव्या कानात तेव्हापासून जी शिट्टी वाजते ती आजही बसच्या आवाजाखाली वाजते आहे. आमचे मास्तर डोमाजी कोपऱ्यात होते. सुपारी चघळत असायचे, बोलायचे कमी. दुसऱ्या राउंडनंतर मी स्टुलावर बसलो तेव्हा मला वाटत होतं, मास्तर आता टॉवेल टाकतील, आता तरी टाकतील, आणि डोमाजी मास्तर टॉवेल घेऊन खाली गुडघ्यावर बसून रिंगची फरशी पुसत होते! माझ्या अंगावरून ओघळलेलं पाणी निपटून बादलीत पिळत होते. मला त्यांचा असा राग आला की त्या रागावरच मी तिसरा राउंड उभा राहिलो. हरलो, पण पडलो नाही. बाबा, म्हणजे आमचे खुशालराव, गावाहून मुद्दाम आले होते, पहिल्या रांगेत बसले होते, ते मधेच उठून बाहेर पानठेल्यावर जाऊन उभे राहिले आणि संपल्यावरच आत आले. मी नंतर मास्तरांना विचारलं, ‘‘टाकला काहून नाही?’’ ते म्हणाले, ‘‘तू पडला का? मंग मी कायले टाकू?’’ बस, एवढंच. ते गेले त्यालाही आता जमाना झाला, पण मी त्यांच्याशी अजून भांडतो. रस्त्याने जाताना, दाढी करताना. मी ज्याच्या कोपऱ्यात उभा राहीन त्याच्यावर अशी वेळ येऊ देणार नाही, असं मी ठरवून ठेवलं होतं. आणि त्यांचा एक नियम होता, क्लबमध्ये सगळे अजून पाळतात. पोराच्या कोपऱ्यात बाप उभा राहायचा नाही. एकदा कोणाचा तरी बाप हट्टाला पेटला तर मास्तर त्याला म्हणाले होते, ‘‘भाऊ, बापाले फक्त मार दिसते. बाकी काही दिसत नाही त्याले. तुमी तिकडं खुर्चीवर बसा.’’ तेव्हा आम्ही पोट्टे हसलो होतो.

आचलला मी शिकवलं हे खरं, पण मी तिला बोलावलं नव्हतं. ती आली. घरामागच्या अंगणात जुनं पोतं टांगून मी सकाळी दोन हात करायचो, पोट कमी व्हावं म्हणून, आणि ही फ्रॉकातली पोरगी पायरीवर बसून माझ्या चुका काढायची. ‘‘बाबा, तुमचा उजवा हात खाली येऊन राहिला.’’ मी म्हणायचो, ‘‘मोठी आली मास्तरीण.’’ पण हात खाली आलेला असायचा. मग एके दिवशी तीच पोत्यासमोर. जमुना माझ्यावर अशी कावली होती की दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. ‘‘पोरीच्या नाकाले काही झालं तं मी तुमाले सोडणार नाही,’’ म्हणाली. मी तरी कुठे सुखात होतो! तिला कोणी मारलं की मी जागेवरून उठायचो, आणि तिने कोणाला मारलं की त्या दुसऱ्या पोरीच्या घरच्यांकडे माझं लक्ष जायचं, असा माझा स्वभाव. म्हणून धर्मपालकडे सोपवली आणि मी खुर्चीवर बसलो. बरं चाललं होतं. आज धर्मपालच्या हाताखालचा दुसरा एक पोरगा त्याच वेळेस दुसऱ्या रिंगमध्ये होता. धर्मपाल म्हणाला, ‘‘थांब, दुसऱ्या कोणाले उभं करतो.’’ आणि मी म्हणालो, मीच राहतो. तो घुटमळला, त्याला मास्तरांचा नियम आठवला असणार, पण मी वयाने मोठा, त्याने शब्द गिळला. आचलने मनगटाला पट्टी बांधता बांधता वर पाहिलं आणि म्हणाली, ‘‘राहा उभे. पण बोलू नका. पाणी अन् फरशी, बाकी काही करू नका.’’ मी म्हटलं, ‘‘हाव.’’ मला फार आनंद झाला होता. मला स्वतःच्या मॅचला कधी झाला नव्हता एवढा.

मग मॅच. ती मला आता आठवायची आहे, नीट, पहिल्यापासून, आणि आठवतं ते असं. रागिणीचा एक सरळ ठोसा, आचलच्या कपाळावर. रागिणीचा उजवा, बरगडीखाली. आचलचा श्वास गेल्याचा आवाज मला कोपऱ्यात ऐकू आला. दुसऱ्या राउंडमध्ये लागोपाठ दोन, हेडगार्ड वाकडं झालं. नाकाखाली काहीतरी लाल, नंतर कळलं ते ओठाचं होतं. ब्रेकमध्ये ती स्टुलावर बसली आणि भिंतीला टेकावं तसं तिने दोरांना डोकं टेकलं, आणि मला एकदम लॉजवरची खाट आठवली. मी बाटली घेतली आणि तिच्या डोक्यावर ओतली. मानेवर, पाठीवर, सगळी. ती म्हणाली, ‘‘बस बाबा, बस!’’ पण मी ओतत होतो. टॉवेल माझ्या खांद्यावर होता आणि मी तो डाव्या हाताने घट्ट धरून होतो, कारण मला वाटत होतं की लागला तर शोधायला वेळ जाऊ नये. बेल झाली, स्टूल काढलं, मी खाली पायरीवर उतरलो. तिसऱ्या राउंडमध्ये रागिणी पुढे पुढे येत होती आणि आचल मागे मागे आमच्या कोपऱ्याकडे. ठोसा बसला की नाही मला दिसलं नाही. तिचा पाय गेला एवढं दिसलं, गुडघा वाकला, डोकं खाली आलं, आणि तिचे डोळे मिटलेले होते. घामासाठी मिटले असतील, पापणी लवली असेल, कशासाठीही मिटले असतील! माझ्या हातातून टॉवेल गेला.

मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा मला वाटलं, तिचा पाय वर ठेवावा, समोरच्या बॅगेवर, खाली काहीतरी मऊ घालून. म्हणून बॅग उघडली आणि टॉवेल बाहेर काढला. कोरडा होता. घडीसुद्धा अर्धी तशीच होती, जमुनाच्या साबणाचा वास येत होता. मी तो हातात धरून बसलो आणि आधी मला काही समजेना की यात वाईट काय आहे. कोरडा टॉवेल, बरंच आहे की. मग समजलं. कोणत्याही मॅचनंतर कोपऱ्यातला टॉवेल कोरडा नसतो. पिळून पिळून त्याच्या चिंध्या व्हायची वेळ येते. एक अख्खी बाटली मी ओतली, ती गेली कुठे? तिच्या पायाखाली, आमच्या कोपऱ्यात, तशीच साचून होती, आणि ती पुसायचा टॉवेल मी खांद्यावर धरून उभा होतो, फेकायला तयार. बेल व्हायच्या आत फरशी पुसायची, हे पहिल्या दिवशी आलेल्या पोरालासुद्धा शिकवतात. दोनच कामं सांगितली होती तिने. माझ्याच पाण्यावरून माझी पोरगी घसरली आणि ती घसरलेली पाहून मीच तिला हरवलं. मग पाय मुरगळला तोही माझ्यामुळेच, असं मी स्वतःला म्हणालो. आणि खरं सांगतो, तेवढ्यातही मला त्या मुरगळलेल्या पायाचा आधार वाटला, की निदान पाय तरी खरा आहे.

बस स्टँडात शिरली. कंडक्टर म्हणाला, चहापाणी करून घ्या. आचल उठली. ‘‘मी काही खायले आणते.’’ मी म्हटलं, ‘‘पाय दुखते ना, मी जातो.’’ ‘‘बसा तुमी,’’ म्हणाली, आणि सीटांना धरत, लंगडत, दारापर्यंत गेली. मी खिडकीत सरकलो. ती उतरली, गर्दीत शिरली, आणि तिथे कोणी ओळखीचं नव्हतं, माझं लक्ष असेल असं तिला वाटलं नसेल. एक गाडी मागे येत होती, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आणि माझी पोरगी पळाली. दोन लांब ढांगा टाकून नाली ओलांडली, पलीकडे टुणकन उतरली, त्याच पायावर. पट्टी सैल होऊन घोट्याखाली आली होती. तिने वाकून ती सोडली, गुंडाळली, जॅकेटच्या खिशात कोंबली, आणि भज्यांच्या गाड्याकडे सरळ, ताठ, झपझप चालत गेली, सकाळी रिंगकडे गेली होती तशी. भजे घेतले, भजेवाल्याशी काहीतरी हसून बोलली, परत निघाली. बसच्या दारापाशी आली आणि थांबली. खिशातून पट्टी काढली, घाईघाईने घोट्याला गुंडाळली, दांड्याला धरलं, आणि लंगडत वर चढली.

मला तिथे तोंड लपवायला जागा नव्हती. ती येऊन बसेपर्यंत मी टॉवेल बॅगेत कोंबला, पुन्हा काढला. ती टेकली, पाय जपून ठेवायला लागली, तेव्हा मी म्हणालो, ‘‘राहू दे व माय. पाहिलं मी.’’ तिने कागदातले भजे माझ्या मांडीवर ठेवले. ‘‘खा. सकाळपासून चहावर आहा तुमी.’’

‘‘काहून केलं तू असं?’’

‘‘मंग काय करू? तिथं सारे तुमाले वळखतात. गजाभाऊनं उगीच टाकला म्हणले असते, जलमभर हसले असते. म्हटलं, लंगडते दोन पावलं. माह्यं काय जाते?’’

‘‘तुह्यं गेलं ना सारं.’’

‘‘ते तं टॉवेल पडला तवाच गेलं होतं बाबा.’’

ती हे शांतपणे म्हणाली, भज्यावरचं मीठ झटकत. बस निघाली. शिट्टी कानात, इंजिनाचा आवाज वर, आणि मी ठरवलं की आता निदान एक गोष्ट मी माझ्या तोंडाने सांगतो. ‘‘फरशी मी पुसली नव्हती,’’ म्हणालो.

‘‘मालूम हाय. बूट सरकला तवाच समजलं.’’

‘‘कोणाले बोलली नाही तू.’’

‘‘कोणाले बोलू?’’ मग ती पहिल्यांदा पूर्ण माझ्याकडे वळली. वरच्या ओठाला सूज होती, ती मात्र खरी होती. ‘‘मी जिंकून राहिली होती बाबा. तुमाले दिसलं कसं नाही?’’

मला तो सिनेमा सांगता आला असता, पोराचे दात आणि नाडीची गाठ. डोमाजी मास्तर सांगता आले असते, डावखुरा गडी, खुशालराव पानठेल्यावर. सगळं घशापर्यंत आलं होतं, आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं. मी म्हणालो, ‘‘नाही दिसलं.’’

कापसाने भरलेला एक ट्रक आमच्या पुढे चालला होता, वाऱ्याने कापूस उडून रस्त्याच्या बाभळींना लागत होता. ‘‘आता कोपऱ्यात धर्मपाल सर राहतीन,’’ ती म्हणाली. ‘‘ते नसले तं कोणी भी चालन. तुमी नाही.’’ आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. मार बसतो तेव्हा आधी आवाज ऐकू येतो आणि दुखतं मागाहून, तसं झालं. ‘‘बरं,’’ मी म्हणालो. आणि मग लहान पोरासारखं विचारलं, ‘‘आन मी?’’

‘‘तुमी आईजवळ बसा. ती अख्खी मॅच डोळे झाकून बसते, घरी आली की मले विचारते काय झालं होतं. तिले सांगत जा काय होऊन राहिलं ते. पाहून सांगा पण.’’

‘‘सांगीन.’’

‘‘सांगा बरं मंग. आज पहिल्या राउंडले मी काय केलं?’’

ती चिडवत नव्हती. खरंच विचारत होती. मी तोंड उघडलं. रागिणीचा कपाळावरचा आठवला, बरगडीखालचा आठवला. आचलचा हात मला कुठेच दिसेना. पूर्ण मॅचभर माझ्या पोरीने एक ठोसा मारलेला मला आठवत नव्हता, एकही नाही, आणि दोन्ही राउंड तिचे होते. मी खूप शोधलं. खिडकीतून ऊन येत होतं, तिच्या मांडीवर तिच्या दोन मुठी होत्या, बोटांची हाडं लाल झालेली. मला इतकी लाज वाटली की मी तिच्या मुठींकडे पाहत ‘‘तूच सांग’’ एवढंच म्हणू शकलो.

आणि तिने सांगितलं. आधी हळू, मग तिच्याच नादात, कोपर माझ्या बरगडीला लागायला लागलं तरी थांबली नाही. ‘‘तिचा हात लांब हाय ना, मंग मी आत शिरत गेली. एक जॅब, दुसरा जॅब, अन् ती मागं सरके तवा पोटात. चार-पाच बसले बाबा, चांगले! दुसऱ्या राउंडले तिनं मले दोन मारले, मी मारू देल्ले, म्हटलं थकू दे हिले. तिचा उजवा खाली येऊन राहिला होता, तुमचा येते ना तसा.’’ पुढच्या सीटवरची बाई वळून पाहायला लागली. आचलच्या मुठी हवेत फिरत होत्या, डोळे चमकत होते, आणि मला ती मॅच आत्ता दिसायला लागली, अमरावतीच्या हॉलमधली, मी पाचेक हातांवर उभा असताना झालेली. काय सुंदर खेळली होती माझी पोरगी! ‘‘अन् तिसऱ्याले मी मुद्दाम मागं आली, आपल्या कोपऱ्याकडं, म्हटलं येऊ दे हिले आत. आली ना ती! पाय सरकला माहा, पण हात नव्हता सरकला. मी खाली होती अन् हूक तयार होता बाबा, तिचं तोंड मोकळंच होतं, मी असा वर आणला...’’

डावी मूठ तिच्या हनुवटीपाशी येऊन थांबली. मी पुढे झुकलो होतो. ‘‘मंग?’’ म्हणालो.

तिने मूठ उघडली आणि मांडीवर ठेवली.

‘‘मंग तुमी टाकला.’’